खिडकीतून गेलेली बेडकी

१

पुठ्ठा जागेवर होता, टाचण्या जागेवर होत्या, पुठ्ठ्याला कापलेली खिडकीही जागेवर होती. फक्त खिडकीत गाडी नव्हती. गाडीच्या जागी भिंतीचा पोपटी रंग दिसत होता आणि मंडळाचे सतरा सभासद त्या पोपटी रंगाकडे टक लावून बघत बसले होते. थोडा वेळ धीर धरला तर त्यातूनही एखादा बंपर निघेल, अशी त्यांना आशा असावी.

सर्व्हेअर सगळ्यांत शेवटी आला. त्याने एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा सभासदांकडे, आणि जास्त कीव कुणाची करावी ते त्याला ठरवता येईना. छत्तीस वर्षं त्याने विमा कंपन्यांसाठी ठोकलेल्या गाड्या तपासल्या होत्या. पत्र्यावरचा पोचा बघून तो मालक कुठे खोटं बोलतोय ते सांगत असे. मालक खोटं बोलतोच असं धरून चालल्यामुळे त्याचा अंदाज सहसा चुकत नसे.

हे मंडळ दर रविवारी सकाळी टायरच्या दुकानावरच्या खोलीत भरायचं. कुणीतरी जुना फोटो आणायचं, सहलीचा, लग्नाचा, नाहीतर नुसता रस्त्यावरचा. त्यात कुठेतरी कोपऱ्यात एखाद्या गाडीचा तुकडा असायचा. तो आठवडाभर भिंतीवर राहायचा, सभासद आपापला अंदाज चिठ्ठीवर लिहून पत्र्याच्या डब्यात टाकायचे आणि पुढच्या रविवारी डबा उघडायचा. यात सर्व्हेअरने स्वतः एक नियम घालून दिला होता: ज्याचा फोटो, त्याने आधी पुठ्ठ्याने सगळी माणसं झाकायची आणि गाडीपुरती खिडकी कापायची. माणसं दिसली की ही कुणाची मावशी, तो कुणाचा दीर, यात अर्धा तास जातो आणि गाडी राहते बाजूला, असं त्याचं म्हणणं होतं.

यावेळचा फोटो एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचा होता. बाई सभासद नव्हत्या. त्यांनी गेल्या रविवारी येऊन सरळ सांगितलं होतं, "माझ्या वडिलांवर एक जुना ठपका आहे. ते ब्याऐंशीचे आहेत. ते आहेत तोवर तो पुसायचाय मला. ही गाडी कोणती, तेवढं मंडळाने लिहून द्या."

ठपक्यांशी मंडळाचा संबंध नाही, गाडीशी आहे, असं सर्व्हेअरने त्यांना ऐकवलं होतं. बाई पुढे काहीतरी सांगणार होत्या, पण त्याने त्यांच्या हातात पुठ्ठा ठेवला. बाईंनी पिशवीतली कात्री काढली आणि एका झटक्यात अशी सरळ खिडकी कापली की सभासदांपैकी एकालाही तशी कधी जमली नव्हती. खिडकीत दिसत होतं एका गाडीचं गुबगुबीत मागचं अंग. मंडळाने जुन्या गाड्यांना स्वतःची नावं ठेवली होती, चंबू, कासव वगैरे. ही बेडकी होती.

आता त्याच बाई रिकाम्या खिडकीसमोर पिशवी पोटाशी धरून उभ्या होत्या. त्या रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की ज्याने हा फोटो काढला तो रस्त्यावरचा फोटोग्राफर केव्हाच वारला, त्याच्या फिल्मा रद्दीत गेल्या, आणि ही एक प्रत शोधायला त्यांना नऊ वर्षं लागली होती.

"तीन दिवसांत आणून देतो," सर्व्हेअर म्हणाला. दयेने नव्हे, या सतरा जणांच्या नाकावर टिच्चून काहीतरी करून दाखवायची संधी त्याला सोडवेना.

तो पुठ्ठ्याजवळ गेला. फोटो मागच्या बाजूला चार कागदी कोपऱ्यांत अडकवलेला होता, तो अलगद सरकवून काढला होता. कोपरे शाबूत होते. मग त्याने भिंतीच्या लाकडी फळीकडे पाहिलं. टाचण्यांची भोकं दोनच होती. चोराने पुठ्ठा काढून, फोटो घेऊन, त्याच दोन भोकांत टाचण्या परत खोचल्या होत्या.

"किल्ली खाली दुकानातल्या खिळ्यावर असते," तो वळून म्हणाला. "शनिवारी ती कोणी कोणी घेतली?"

तिघांनी घेतली होती. तिघेही त्या वेळी खोलीत बसून चहा पीत होते.

२

पहिला होता मंडळाचा अध्यक्ष, म्हणजे खालच्या टायरच्या दुकानाचा मालक. हा गाड्यांबद्दल बोलताना डोळे मिटून घ्यायचा. सर्व्हेअरच्या मते ते बरंच होतं, कारण उघडे ठेवूनही त्याला फारसं दिसत नसे. पण अध्यक्षाकडे एक खरीखुरी बेडकी होती, आणि ती तो एका परगावच्या शौकिनाला विकायच्या खटपटीत होता. 'एका हातची, कधीही न ठोकलेली' असं तो तिचं कौतुक सांगायचा.

सोमवारी सकाळी सर्व्हेअर त्याच्या दुकानात जाऊन टायरच्या चवडीवर बसला. फोटोत काय होतं ते सांग, म्हणाला. अध्यक्षाने डोळे मिटले. उभी बेडकी, तो म्हणाला, मागून घेतलेली, आणि डाव्या मागच्या दिव्याची काच बेडकीची नव्हे, चंबूची. कुणीतरी फुटल्यावर हाताला लागली ती बसवलेली.

"ते मीच दाखवलं होतं तुम्हाला," सर्व्हेअर म्हणाला. "पुढचं सांगा. तुमच्या गाडीचा डावा दिवा कधी बदललात?"

अध्यक्षाचे डोळे उघडले. तो घाम पुसत कबूल झाला की हा विचार त्याच्याही मनात आला होता. कुणी उद्या म्हणालं की फोटोतली बेडकी हीच, तर न ठोकलेली हे म्हणणं गेलं. शनिवारी तो वर गेला होता तो तेवढ्यासाठीच, नीट बघायला. पण फोटो तिथेच होता, त्याने हात लावला नाही, मुलांची शपथ.

मुलांच्या शपथेला सर्व्हेअरने काडीची किंमत दिली नाही. तो मागच्या आवारात गेला, बेडकीवरचं ताडपत्रीचं पांघरूण काढलं आणि डाव्या दिव्यापाशी उकिडवा बसला. दिव्याच्या स्क्रूंच्या खाचा कारखान्यातल्या मूळ रंगाने भरलेल्या होत्या. तो स्क्रू जन्मात कुणी फिरवला नव्हता. ही ती गाडी नव्हती, आणि अध्यक्षाला भ्यायचं काही कारणच नव्हतं. एवढं साधं त्याला स्वतःच्या आवारात जाऊन बघता आलं नाही, म्हणून सर्व्हेअरने त्याला गाढव म्हटलं आणि यादीतून त्याचं नाव काढलं.

३

दुसरा होता फोटोवाला. जुने फोटो साफसूफ करून, मोठे करून हॉटेलांच्या भिंतींसाठी विकणे हा त्याचा धंदा. त्याच्या दुकानात परक्यांचे आजोबा ओळीने टांगलेले असत आणि गिऱ्हाइकं त्यातून आवडेल तो आजोबा निवडत. सर्व्हेअरला या माणसाचा मनापासून तिटकारा होता. त्यामुळे चोर तोच निघावा अशी त्याची फार इच्छा होती.

फोटोवाल्याने मात्र न अडखळता सांगितलं. उभी गाडी, मागच्या चाकाची टोपी गायब, फोटोची कडा दातेरी, कागद जाड. शनिवारी वर कशाला गेलास, यावर त्याने खिशातून फोन काढून दाखवला. त्यात त्या खिडकीचा फोटो होता, पुठ्ठ्यासकट. एखादं गिऱ्हाईक मिळालं तर बाईंना विचारून प्रत काढू, असा विचार होता, म्हणाला.

"पुठ्ठा काढून नाही घेतलास?"

"माणसं कशाला घेऊ? कपडे जुनाट, तोंडं रडकी. गाडी विकली जाते, माणसं नाही."

बोटाच्या एका टिचकीत ज्याला गाडी फोनमध्ये मिळते, तो चोरी कशाला करील. सर्व्हेअरने जड मनाने त्याचंही नाव काढलं. फोटोवाला सुटला याचं त्याला खरोखर वाईट वाटलं.

तिसरा उरला तो त्याचा स्वतःचा मेहुणा. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. भाऊजींना एकटं पडू देऊ नकोस, असं तिने भावाकडून कबूल करून घेतलं होतं आणि तेव्हापासून हा साठीचा भला गृहस्थ रोज संध्याकाळी येऊन चहा करायचा, रविवारी मंडळातही यायचा. शनिवारी तो मंडळाचा माठ भरून ठेवायचा. त्याला बेडकी आणि कासव यातला फरक कळत नसे. सर्व्हेअर त्याला चारचौघांत 'आमचं सामान' म्हणायचा आणि मेहुणा हसायचा. त्याला प्रश्न विचारणं म्हणजे माठाला प्रश्न विचारण्यासारखं होतं, पण नियमाला धरून सर्व्हेअरने विचारला.

मेहुणा चहा गाळत होता. "मला काय कळतंय त्यातलं, भाऊजी. ती ढकलत होते ती गाडी ना? बरी होती दिसायला."

सर्व्हेअर मोठ्याने हसला. सात दिवस ज्या गाडीकडे बघितलं ती उभी आहे की ढकलताहेत, एवढंही या माणसाला सांगता येत नव्हतं. मग करमणूक म्हणून त्याने आपल्या पहिल्या केसची गोष्ट सांगायला घेतली, निरीक्षण म्हणजे काय ते समजावं म्हणून. ही गोष्ट तो सगळ्यांनाच सांगायचा. पंचविशीत असताना एका लांब टांगांच्या खोटारड्याला त्याने नुसत्या सीटवरून पकडलं होतं. मी गाडीत नव्हतोच, दुसराच कुणी चालवत होता, असं तो सांगत होता. तो दुसरा सव्वापाच फुटांचा. सीट मागच्या शेवटच्या खाचेत. सव्वापाच फुटांच्या माणसाचा पाय तिथून ब्रेकला पोचलाच नसता. झालं, खेळ खलास.

"हो," मेहुणा म्हणाला. त्याने कप पुढे केला आणि भाऊजींकडे न बघता गाळणी धुवायला घेतली.

४

मंगळवारी संध्याकाळी सर्व्हेअर खुर्चीत बसून स्वतःवरच चिडला होता. तीन माणसं होती, तिन्ही सुटली, आणि उद्या त्या बाईंसमोर उभं राहायचं होतं. स्वयंपाकघरात मेहुणा कप धुऊन खिळ्यांना लावत होता. सहाच्या सहा कपांचे कान एकाच बाजूला. मग त्याने फडकं झटकलं, घडी घातली आणि ते जिथून उचललं होतं तिथेच, त्याच खिळ्याला अडकवलं.

सर्व्हेअर त्या खिळ्याकडे बघत राहिला. टाचण्या त्याच भोकांत. पळायच्या घाईत असलेला चोर पुठ्ठा फेकून देतो, निदान कुठेतरी खुपसतो. जुनी भोकं शोधून टाचण्या परत लावायला निराळा माणूस लागतो.

आणि मग दुसरी गोष्ट त्याला आठवली, आणि आठवली तेव्हा तोंडात मारल्यासारखं झालं. अध्यक्ष म्हणाला उभी गाडी. फोटोवाला म्हणाला उभी गाडी. डब्यातल्या सतरा चिठ्ठ्यांवर उभी गाडी. खिडकीतून दिसत होती फक्त शेपटी आणि मागचं चाक, त्यावरून गाडी उभीच वाटणार. ती ढकलत होते हे कळायला ढकलणारी माणसं दिसायला हवीत, आणि माणसं पुठ्ठ्याखाली होती. छत्तीस वर्षांच्या अनुभवाचा हा माणूस, आणि नेमकी तीच गोष्ट ऐकून तो हसला होता.

तो उठून स्वयंपाकघराच्या दारात गेला. "पुठ्ठा तू काढलास," तो म्हणाला.

मेहुण्याने वळून बघितलं नाही. "फोटो सुखरूप आहे, भाऊजी. मी तो बाईंना कसाही पोचता करीन. पण तुम्ही तो बघू नका."

५

अर्थातच त्याने तो मागितला, आणि ज्या आवाजात मागितला त्या आवाजाला मेहुणा आयुष्यभर भीत आला होता. फोटो त्याच्या शर्टाच्या आत, एका पाकिटात होता. चार दिवस तो तसाच घेऊन हिंडत होता.

बेडकीचं नाक एका भिंतीत घुसलेलं होतं. बाजूला एका हातगाडीचं मोडलेलं चाक पडलं होतं. चार माणसं बाह्या सरसावून, दोन्ही बाजूंनी पुढच्या मडगार्डांना खांदा लावून गाडी मागे ढकलत होती. चालकाचा दरवाजा उघडा होता आणि आत स्टिअरिंग धरून एक लुकडा, उंच पोरगा बसला होता. चौकड्यांचा कोट, मांडीवर वही, आणि एक लांब पाय आत मावला नाही म्हणून बाहेर काढलेला.

"मला गाड्यांचा कंटाळा येतो," मेहुणा म्हणत होता. "म्हटलं, माणसं कोण आहेत बघावं. कोट लगेच ओळखला. त्याच कोटात तुम्ही पहिल्यांदा आमच्या घरी आला होतात. मला एवढा आनंद झाला, वाटलं, चौकट करून तुम्हाला द्यावा. मग ती भिंत दिसली. मग तुमची सीटची गोष्ट आठवली. ती मी दोनशे वेळा तरी ऐकलीय, भाऊजी."

सर्व्हेअर कपाटाकडे गेला. त्याच्या सगळ्या केसांच्या वह्या तिथे ओळीने होत्या, कारण दुसऱ्यांची चूक दाखवायला त्या उपयोगी पडत. पहिली वही चव्वेचाळीस वर्षांपूर्वीची. त्याचंच टोकदार अक्षर. 'डाव्या मागच्या दिव्याची काच दुसऱ्या गाडीची.' म्हणजे तीच गाडी, शंकाच नको. खाली लिहिलं होतं: 'गॅरेजमध्ये माप घेतलं. चालकाची सीट मागच्या शेवटच्या खाचेत. अपघातानंतर गाडीत कुणीही बसलेलं नाही.'

त्या कुणीहीमध्ये त्याने स्वतःला धरलंच नव्हतं. गाडी भिंतीतून काढायची होती, हँडब्रेक सोडून कुणीतरी चाक धरायला हवं होतं, साहेबी रुबाबात हा आत बसला, गुडघे अडकले म्हणून सीट मागे लोटली, आणि दोन तासांनी गॅरेजमध्ये फुटपट्टी घेऊन स्वतःच्याच टांगांचं माप घेतलं. इतका ढोबळ मूर्खपणा दुसऱ्या कुणी केला असता तर ती गोष्ट त्याने जन्मभर चवीने सांगितली असती. तशी त्याने ती जन्मभर सांगितलीच होती.

"बाईंनी तोंड बघितलंय या पोराचं, पण तुम्हाला ओळखलं नाही," मेहुणा हळूच म्हणाला. "कुणीच ओळखणार नाही. याला काडी लावून टाका. मी कुठे बोलणार नाही."

"त्यांच्या वडिलांवर ठपका कसला आहे?"

"तुम्ही विचारलं नाहीत. मी विचारलं होतं, जिन्यात. ते ड्रायव्हर होते. मालकाच्या मुलाने गाडी ठोकली, हातगाडीवाल्याचा पाय गेला, आणि आत गेले ते. दोन वर्षं. नंतर लायसन गेलं, ते गेलंच. गाडी ढकलताना आत कुणीतरी बसलं होतं, त्यानेच सीट सरकवली असणार, एवढं एकच वाक्य ते आजवर बोलत आलेत. घरातले सोडून कुणी ऐकलं नाही."

सर्व्हेअरने फोटो वहीत ठेवला आणि वही काखेत मारली. आयुष्यात त्याने अनेकांची कीव केली होती, अनेकांचा पाणउतारा केला होता, आणि हे सगळं आपण हुशारीच्या जोरावर करतोय असं त्याला वाटत आलं होतं. आता त्या हुशारीची त्याला किळस आली. मेहुण्याचे आभार मानावेत असं त्याला वाटलं, पण ती सवय नव्हती. "चल माझ्याबरोबर," एवढंच तो म्हणाला. सामान असं तो त्याला त्यानंतर कधी म्हणाला नाही.

६

शिवणयंत्र पुढच्या खोलीत होतं, म्हातारा आतल्या. डोळे गेलेले, अंगाने वाळलेला, पण उशाला टेकून बसला होता तो एकदम ताठ, जणू समोर रस्ता आहे. बाईंनी दारात फोटो बघितला आणि हात पुढे केला. सर्व्हेअरने फोटो दिला, वही दिली, ते पान उघडून दिलं, आणि आत जाऊन भिंतीशी असलेलं स्टूल खाटेजवळ ओढून बसला. मेहुणा दाराशीच थांबला.

"कोण आलंय?" म्हाताऱ्याने विचारलं.

पुढची वाक्यं सर्व्हेअरने वाटेत नीट जुळवून आणली होती, त्यातलं एकही त्याला सापडलं नाही. "मी विमा कंपनीचा सर्व्हेअर," तो म्हणाला. "ती सीट मी मागे केली होती. गाडी ढकलताना आत मी बसलो होतो. नंतर विसरलो, आणि तुम्ही चालवत होतात असं लिहून दिलं."

बाई दारात वही धरून उभ्या होत्या. यंत्रावर ठेवलेला कपड्याचा तुकडा घसरून खाली पडला, तो त्यांनी उचलला नाही.

म्हाताऱ्याने हात पुढे करून चाचपडत सर्व्हेअरचा गुडघा शोधला. मग वीत टाकत टाकत तो घोट्यापर्यंत गेला, आणि पुन्हा वर गुडघ्यापर्यंत आला. घाई अजिबात केली नाही. सर्व्हेअर पाय न हलवता बसून राहिला.

"लांब आहेत," म्हातारा मुलीला म्हणाला. "बघ, मी सांगत होतो. यांच्याकडून लिहून घे. तारीख घाल, सही घे. आणि त्या हातगाडीवाल्याच्या पोरांना वाचून दाखव, तो असेल तर त्याला."

सर्व्हेअरने जागेवरच लिहून दिलं, दोन प्रती. मंडळात येत्या रविवारी पुठ्ठ्याशिवाय फोटो लावीन आणि सगळ्यांसमोर हेच सांगीन, असं तो म्हणाला. माफीचा शब्द त्याने तीनदा तोंडापर्यंत आणला. चौथ्यांदा तो बाहेर पडला तेव्हा इतका बारीक होता, की म्हाताऱ्याला ऐकू आला की नाही कळलं नाही.

चव्वेचाळीस वर्षं ज्याला शिव्या द्यायच्या तो माणूस हाताच्या अंतरावर बसला होता, आणि म्हातारा आता शिव्या जुळवतोय असंच सर्व्हेअरला वाटलं. पण म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्या नवशिक्याने भलत्या गिअरमध्ये गाडी घातली की जुना ड्रायव्हर जसा तोंड वाकडं करतो, तसं त्याचं तोंड झालं होतं.

"दुसऱ्याची गाडी होती ना ती?" तो म्हणाला. "दुसऱ्याच्या गाडीतून उतरताना सीट होती तिथे ठेवून उतरतात. एवढंही कुणी शिकवलं नव्हतं तुम्हाला?"

नव्हतं, असं सर्व्हेअर म्हणाला. मग तो उठला, आणि जाताना स्टूल जिथून ओढलं होतं तिथे, भिंतीशी, परत नेऊन ठेवलं.